सा कालोब्रा पहिल्यांदा चढताना

स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या या घाटात सायकल चालवण्याची गंमत म्हणजे आधी उतरायचं, मग तोच रस्ता चढून परत यायचं. दुसरा रस्ताच नाही! चढ साधारण साडेनऊ किलोमीटर, सरासरी ७ टक्के. सकाळी लवकर जा. नंतर पर्यटकांच्या बस येतात आणि वळणावर अख्खा रस्ता अडवतात. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, वळणाआधी वेग कमी करा. आणि हो, स्पेनमध्ये वाहतूक उजवीकडून. दमल्यावर सवयीने डावीकडे जाल, सांभाळा. भाड्याच्या सायकलला मागे ३२ किंवा ३४ दात्यांचा, म्हणजे चढावर हलका पडणारा गिअर आहे ना, आधीच विचारा. यात कसली लाज? पहिले दोन किलोमीटर बोलता येईल इतक्याच दमाने चढा. पाणी खालीच भरून घ्या.