सायकलचा मीटर घरी करताना: वायर की वायरलेस?

प्रश्न : मी चोडणला राहतो. कामाला पणजीला जातो, फेरीबोटीनं रायबंदर आणि पुढे बांधावरून सायकल. मोबाइलमधलं ॲप नदी ओलांडलेलं अंतरही सायकलीच्या खात्यात घालतं, म्हणून आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड), रीड स्विच आणि चुंबक आणून मीटर केला. पण १८ चा वेग मध्येच २००-३०० दाखवतो. वायर काढून वायरलेस करू का? पावसातही चालायला हवा.
— एक वाचक, चोडण

उत्तर : वायर राहू द्या. वायरलेस केलंत तरी चाकाजवळ रीड स्विचच राहणार आणि आकडा तसाच उडणार. त्या स्विचच्या काचेच्या नळीत दोन बारीक पात्या असतात. चाकावरचं चुंबक समोर आलं की त्या चिकटतात, पण चिकटताना थरथरतात, आणि नॅनो त्या थरथरीलाही चाकाचा फेरा समजतो. प्रोग्रॅममध्ये अट घाला: मोजलेल्या सिग्नलनंतर १०० मिलिसेकंदांत पुन्हा आलेला सिग्नल सोडून द्यायचा. चाकाचा घेर २.१ मीटर धरला तर त्याहून जलद फेऱ्याला ताशी ७५ किलोमीटरच्या वर वेग लागतो. तुमच्या १८ च्या वेगाला एका फेऱ्याला ४२० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे खरा फेरा एकही सुटणार नाही.

घेर टायरवर छापलेल्या मापावरून काढू नका. नेहमीइतकी हवा भरा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, सायकलीवर बसून कुणाच्या तरी आधाराने तीन फेरे सरळ पुढे जा आणि अंतराला तीनने भागा. बसल्यावर टायर दबतो, म्हणून बसूनच मोजायचं. घेरात दोन सेंटीमीटर चुकले तर १०० किलोमीटरमागे जवळपास एक किलोमीटर चुकतो.

एनआरएफ२४ हे छोटं रेडिओ मॉड्यूल लावून वायरलेस करता येतं. पण मग फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर) वेगळी बॅटरी, वेगळी डबी, आणि आपल्या पावसाला आत शिरायला आणखी एक जागा! दोन पदरी वायर ब्रेकच्या केबलबरोबर खाली न्या, हँडल पूर्ण वळेल इतकी सैल ठेवा.

फोंड्याच्या माझ्या दुकानात बंद पडलेले सेन्सर येतात, त्यांत काचेची नळी बहुतेक धड असते. खाऱ्या हवेनं डाखाचा जोड हिरवा पडलेला असतो. जोडावर हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवा, वर सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन मात्र नको, ते तांब्याला खातं. आणि स्विचची तार वाकवताना काचेलगत ती चिमट्यात धरा, नाहीतर नळी तिथेच तडकते.

तीन सेकंद सिग्नल नाही आला तर वेग शून्य दाखवायचा. फेरीबोटीत सायकल उभी करताना चुंबक सेन्सरपासून दूर राहील असं चाक फिरवून ठेवा. ते समोरच थांबलं, तर बोटीच्या हादऱ्यानं चाक जागच्या जागी हलून खोटे फेरे मोजले जातात.