बारवेतल्या पाकोळ्यांचं काय करायचं?

प्रश्न : गावातली जुनी बारव साफ करून डागडुजी करायची आहे. दगडांच्या सांध्यांत पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी छोटी वटवाघळं आहेत. भेगा बुजवून त्यांच्यासाठी शेतात लाकडी पेटी टांगली तर चालेल का?
— एक वाचक, ता. जिंतूर, जि. परभणी

उत्तर : सगळ्या भेगा बुजवू नका. पाकोळी घरटं बांधत नाही, तयार फट शोधते. फट दीड-दोन सेंटिमीटर रुंद हवी, म्हणजे पोट आणि पाठ दोन्ही दगडाला टेकतात. खाली दोन-तीन मीटर मोकळी जागा लागते, कारण ती आधी खाली झेपावते आणि मग पंख पसरते. शिवाय मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना बारवेतला जाड दगड आणि खालचा ओलावा तिला तगवतो. ही सोय पेटीत होत नाही.

कोणती फट वापरात आहे हे खालच्या लेंड्यांवरून कळतं. काडीनं दाबा. भुगा होऊन किड्यांच्या पंखांचे चमकते तुकडे दिसले तर पाकोळी, कडकच राहिली तर उंदीर. मग दोन-तीन संध्याकाळी सूर्य मावळताना समोर बसून कोणत्या फटीतून किती निघतात ते मोजा.

दगड निखळत असतील तेवढ्याच भेगा भरा, आणि तेही दिवाळीनंतर थंडीत. उन्हाळ्या-पावसाळ्यात आत न उडणारी पिल्लं असू शकतात. आई बाहेर राहिली की ती उपाशी मरतात, वर कुजका वास. आत पिल्लं नाहीत याची खात्री करून फटीवर मच्छरदाणीची जाळी वरून आणि बाजूंनी ठोका, खालून अर्धा हात मोकळी लोंबू द्या. पाकोळ्या सरपटत बाहेर पडतात, परत शिरता येत नाही. पाच-सात रात्री कोणी निघालं नाही की मग चुना भरा. धूर मात्र करू नका.

तोंडावरच्या वेड्या बाभळी काढा, उडायची वाट त्यांनीच अडते. सुशोभीकरणाच्या हौसेनं फोकस बसवू नका. उजेडामुळे त्या उशिरा निघतात आणि तिन्हीसांजेचे किडे हुकतात. बारवेपासून ओढ्यापर्यंत करंज-उंबराची रांग असेल तर तिला हात लावू नका. त्या आडोशानंच त्या शिकारीला जातात.

पेटी लावायचीच असेल तर खडबडीत, बिनरंगाचं लाकूड घ्या आणि चार मीटर उंचीवर, फक्त सकाळचं ऊन येईल अशी टांगा. पश्चिमेच्या भिंतीवर तिची भट्टी होते. वर्ष-दोन वर्षं रिकामी राहिली तरी नवल नाही.

प्रश्न : तळ्याकाठच्या चिंचेवरची मोठी वाघळं यंदा गेली. का?
— एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : चिंच छाटली का, खाली फटाके वाजले का, तळं आटलं का, एवढं आधी पाहा. मोठी वाघळं उडता उडता पाण्याला पोट टेकवतात आणि मग ते ओलं पोट चाटतात, म्हणून जवळ उघडं पाणी लागतंच. शेततळ्यावर येत असतील तर प्लास्टिकच्या उतारावर गाठी मारलेला जाड दोर सोडून ठेवा. पडलेलं वाघूळ त्याला धरून वर येतं. जमिनीवर सापडलं तर उघड्या हातानं उचलू नका.