बाहेरून कडी नको : डिमेन्शिया केंद्रांतल्या सुरक्षिततेबद्दल वाचकांचे प्रश्न

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या ज्येष्ठांसाठी केंद्र निवडताना काय पाहावं, यावर मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं पुण्यातल्याच मुला-सुनांची आहेत, आणि सगळ्यांची काळजी एकच : आमचं माणूस तिथे सुरक्षित आहे ना? त्यातली काही पत्रं घेते.

प्रश्न : वडील ७९ वर्षांचे, खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त. आठ महिन्यांपासून सिंहगड रस्त्याकडच्या एका केंद्रात आहेत. रोज पहाटे पाचला उठून गेटपाशी जाऊन उभे राहतात. एकदा तर दूधवाल्याच्या मागोमाग बाहेर पडले. आता केंद्र म्हणतं, रात्री त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावू. होकार द्यावा का? (कोथरूड)

देऊ नका. रात्री शॉर्ट सर्किट होऊन धूर झाला तर ती कडी काढणार कोण? रात्रपाळीला असतात एक-दोन मावशी. त्या आधी अंथरुणाला खिळलेल्यांकडे धावतील. आणि कडी लावली म्हणून माणूस गप्प बसतो असंही नाही. तो दार बडवतो, खिडकीवर चढतो, लघवीला जाता आलं नाही की कोपऱ्यात करतो. मग त्याचंही खापर त्याच्यावरच फुटतं.

तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. पहाटेचे पाच आणि गेट. वडिलांनी फर्स्ट शिफ्ट किती वर्षं केली? आपण म्हणतो ‘भटकतात’, पण ते ड्यूटीवर निघालेत. ‘बाबा, तुम्ही रिटायर झालात’ हे पहाटे अंधारात ऐकून कुणाचंही समाधान होणार नाही. पावणेपाचला मावशींनी चहा द्यावा, हातात रिकामा डबा द्यावा आणि आवारात दोन फेऱ्या माराव्यात. ‘आज गाडी उशिरा आहे, तोवर पोहे खाऊ’ एवढं बहुतेकदा पुरतं. माझ्या एका केंद्रात पीएमटीचे निवृत्त कंडक्टर होते. संध्याकाळ झाली की ‘शेवटची गाडी चुकेल’ म्हणून दाराशी धडका मारायचे. एका मामांनी त्यांच्या खांद्याला जुनी चामडी पिशवी अडकवली आणि जेवायला बसलेल्यांची मोजणी त्यांच्यावर सोपवली. धडका थांबल्या, आणि आमची मोजणीही रोज वेळेवर व्हायला लागली!

गेटचंही काम करून घ्याच. एकामागे एक दोन दारं असावीत आणि पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडू नये. आकड्यांचं कुलूप असेल तर आगीचा अलार्म वाजला किंवा वीज गेली की ते आपोआप उघडतं का, हे विचारा आणि समोर करून दाखवायला लावा. दार उघडल्याची घंटा मावशींच्या खोलीत वाजली पाहिजे. चपलांचा रॅक दाराजवळ नको. चप्पल दिसली की बाहेर जायचं, ही आपली आयुष्यभराची सवय आहे. सगळ्यात कच्चा दुवा मात्र वॉचमन. इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस ‘बराय, येतो हं’ म्हणत ऐटीत निघाला की वॉचमन त्याला भेटायला आलेला नातेवाईक समजून सलाम ठोकतो. त्याच्या टेबलावर रहिवाशांचे फोटो हवेत.

तरीही माणूस दिसेनासा झालाच, तर आधी आत शोधा : संडास, पडद्यामागे, गच्ची, जिन्याखाली, पाण्याच्या टाकीजवळ. त्याच वेळी दुसऱ्याने ११२ ला फोन करायचा. ‘२४ तास थांबा, मग तक्रार घेऊ’ असा कुठलाही नियम नाही. केंद्राच्या भागातून कालवा जातो, तिकडे पहिला माणूस पाठवा. आणि वडील पूर्वी राहत होते त्या सगळ्या घरांचे पत्ते आजच केंद्राला लिहून द्या, क्वार्टर्सपासून वाड्यापर्यंत. वाट विसरलेला माणूस पुष्कळदा जुन्या घराच्या दिशेनंच निघतो.

प्रश्न : आई बाथरूममध्ये दोनदा पडली. आता पलंगाला कठडे लावू आणि दिवसा खुर्चीला पट्टा बांधू, असं केंद्र म्हणतं. आम्हाला ते बघवत नाही, पण हाड मोडलं तर? (बिबवेवाडी)

उठू बघणारी व्यक्ती कठड्यावरून चढते आणि नुसत्या पलंगावरून पडली असती त्यापेक्षा जास्त उंचीवरून पडते. कठड्याच्या फटीत मान अडकून माणसं दगावलेलीही आहेत. पट्ट्याने पाय अशक्त होतात आणि पडण्याची शक्यता उलट वाढते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये बांधून ठेवण्याबद्दल स्पष्ट लिहिलंय : समोर आलेली इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तर, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, आणि गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही. कर्मचारी कमी आहेत हे कारण चालत नाही. हा कायदा मानसिक आरोग्य आस्थापनांसाठी आहे. ‘आम्ही त्यात येत नाही’ असं केंद्र म्हणेलही, पण निदान हा मापदंड त्यांच्यासमोर ठेवा.

खरं शोधायचं ते हे : आई कधी पडली आणि कशासाठी उठली होती? दोन्ही वेळा रात्री लघवीसाठी उठली असेल, तर दर दोन तासांनी मावशींनी स्वतःहून न्यायचं. रक्तदाबासाठी ‘पाण्याची गोळी’ (लघवी जास्त करवणारी) चालू असेल तर ती संध्याकाळी तर देत नाहीत ना, हे डॉक्टरांना विचारा. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असा दोनदा रक्तदाब मोजायला सांगा. उठल्याबरोबर तो घसरत असेल तर पडण्याचं मूळ तिथे आहे.

बाथरूमकडे आईच्या डोळ्यांनी बघा. पांढऱ्या टाइल्स आणि पांढरा कमोड असेल, तर बसायचं कुठे तेच कळत नाही. निळी किंवा लाल सीट बसवून घ्या. दाराशी काळं पायपुसणं असेल तर तिला तो खड्डा वाटतो. ती तो ओलांडायला जाते आणि तोल जातो. हे मी कित्येकदा पाहिलंय, आणि पायपुसणं उचलणं हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त उपाय आहे. शिवाय भिंतीला घट्ट बसवलेला दांडा (टॉवेलचा रॉड नव्हे!), रात्रभर मंद दिवा, घोट्याच्या वर राहील असा गाऊन, टाच धरणारी चप्पल आणि जमिनीलगतचा पलंग. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. एवढं करूनही कधीतरी पडतील. ‘आमच्याकडे कुणी कधीच पडत नाही’ म्हणणाऱ्या केंद्रापासून चार हात लांब राहा. तिथे एकतर नोंद ठेवत नाहीत, नाहीतर माणसं बांधून ठेवतात.

प्रश्न : आई ७६ वर्षांची, माहेर नारायण पेठेतलं. पावसाळा सुरू झाला की केंद्रात ‘पाणी आलं, वर चला’ असं ओरडत इतर आज्यांना हात धरून जिन्याकडे ओढते. परवा एक आजी पडता पडता वाचली. (सहकारनगर)

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटून पेठांत पाणी शिरलं तेव्हा तुमची आई बारा-एक वर्षांची असेल. ती आज्यांना ओढत नाही, वाचवतेय.

तिथल्या मुलींना हे कुणी सांगितलंय का? बऱ्याच केंद्रांत काळजी घेणाऱ्या मुली मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या, विशी-पंचविशीतल्या. त्यांना पानशेत म्हणजे सहलीचं ठिकाण. एका पानावर आईची माहिती लिहून पलंगापाशी लावा : कुठल्या नावानं हाक मारली की ओ देते, काय आवडतं, कशाची भीती वाटते, आणि १९६१ साली तिने काय पाहिलं.

‘पाणीबिणी काही नाही’ असं म्हणू नका. म्हणा, ‘पाणी उतरलं. सगळे वर आलेत. आपण वरच आहोत.’ जमलं तर तिची खोली वरच्या मजल्यावर घ्या, पण जिन्याच्या तोंडाशी नको. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर खिडकी बंद आणि रेडिओ चालू. आभाळ भरून आलं की तिच्याजवळ एक जण बसलेलं असावं.

पाऊस नसतानाही तिला माणसं, मुलं, प्राणी स्पष्ट दिसायला लागले, चालणं ताठर झालं, तर मात्र ते आठवणींवर सोडू नका, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. ल्युई बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात असं होतं, आणि त्या रुग्णांना हॅलोपेरिडॉलसारखी, भास थांबवायला देतात ती औषधं फार जड जातात.

प्रश्न : सासरे काहीही तोंडात घालतात. केंद्रात रोज आरती असते. काळजी करण्यासारखं आहे का? (वाघोली)

आहे, आणि आरतीचा उल्लेख केलात हे बरं केलं. कापराची वडी आणि खडीसाखर शेजारी शेजारी ठेवून बघा. कापूर पोटात गेला तर थोड्या वेळातच फिट येऊ शकते. डांबरगोळ्या पेपरमिंटसारख्या दिसतात, फिनेल सरबतासारखं. हे सगळं कुलपात हवं, कापूर तर आरतीपुरताच बाहेर काढावा. काही गिळल्याची शंका आली तर उलटी करवू नका, डबी बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. जेवताना मात्र ताठ बसवून, छोटा घास, तोंड रिकामं झाल्यावर पुढचा. पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

प्रश्न : बाबा पंधरा दिवसांपासून दिवसभर झोपून असतात. विचारल्यावर कळलं, ‘फार त्रास देत होते’ म्हणून गोळी सुरू केलीय. (औंध)

कोणती गोळी, कुणी लिहिली, किती दिवसांसाठी? तिन्ही उत्तरं कागदावर मागा. ‘शांत’ करायला देतात त्यातली बरीच औषधं सायकोसिसवरची (भास-भ्रमांच्या आजारावरची) असतात. डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला आणि २००८ मध्ये जुन्या औषधांनाही लागू केला. कधीकधी ती लागतात, नाही असं नाही. पण थोड्या दिवसांसाठी, कमी डोसात आणि घरच्यांना विचारून. तुम्ही मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

आणि मुळात त्रास सुरू कधी झाला? दोन-चार दिवसांत माणूस एकदम बदलला असेल तर डिमेन्शिया अचानक वाढला असं समजू नका. लघवीचा संसर्ग, चार दिवसांची बद्धकोष्ठता, दुखरी दाढ, कमी पाणी, काहीही असू शकतं. सांगता येत नाही म्हणून ते ओरडतात.

प्रश्न : आईच्या खोलीत कॅमेरा लावून मोबाइलवर बघत बसावं का? (बाणेर)

जिन्यात, व्हरांड्यात, गेटवर कॅमेरे हवेतच. आईचे कपडे बदलतात तिथे नको. आणि तिला पडताना तुम्ही बाणेरहून बघितलंत तरी उचलणार कोण? त्यापेक्षा एकदा न कळवता, रात्री साडेनऊला जा. किती मावशी जाग्या आहेत ते मोजा.