नांगर नवा घेताय? आधी बो रोलर बघा

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही दोघं नवरा-बायको ऑकलंडला असतो. गेल्या वर्षी 35 फुटी जुनी शिडाची बोट घेतली, 1984 ची, फायबरग्लासची, वजन सहा टनांच्या आसपास. नाळेवर 35 पौंडी बिजागरीवाला सीक्यूआर नांगर (नांगरटीच्या फाळासारखा जुना प्रकार) आहे, 8 मिलिमीटरची 30 मीटर चेन आणि पुढे दोर. वायहेकी बेटाजवळ एका रात्री पाच मीटर पाण्यात 25 मीटर चेन सोडून झोपलो होतो, वारा फिरला आणि घसरत गेलो, शेजारच्या बोटवाल्याने ओरडून उठवलं म्हणून निभावलं. आता 20 किलोचा रोलबारवाला (वर कमानीसारखी दांडी असलेला) रोक्ना हा नवा नांगर घ्यायचं ठरवलंय. दुकानदार म्हणतो सरळ बसेल. पण आमचा बो रोलर, म्हणजे नाळेवरची चेन-नांगर टेकायची चाकाची खाच, अरुंद आहे आणि तिच्या एका बाजूचा पत्रा, म्हणजे गाल, जरा वाकलेला दिसतो. रोलर बदलायचा का तसाच चालवायचा? नांगर आणि चेनच्या मध्ये स्विव्हल (गोल फिरणारा जोड) लावा असंही सगळे सांगतात, लावू का? उन्हाळ्यात बे ऑफ आयलंड्सला जायचंय.

उत्तर: रोलर बदला, आणि नांगराच्या आधी बदला. गाल वाकलाय म्हणजे तुमच्या प्रश्नाचा निम्मा निकाल बोटीनेच दिलाय. चेन समोरून सरळ ओढते तेव्हा रोलरला फारसं काही होत नाही, पण बोट नांगरावर कधी गप्प उभी राहत नाही, वाऱ्यात डावीकडे-उजवीकडे झुलत असते आणि प्रत्येक झोक्याच्या टोकाला चेन तिरकी होऊन एका गालावर दाबते, वर लाटेने नाळ उचलली की तोच दाब हिसक्यात येतो. अमेरिकन बोट अँड यॉट काउन्सिलच्या तक्त्यात 35 फुटी बोटीला 30 नॉट वाऱ्यात साधारण 900 पौंड, म्हणजे 400 किलोच्या वर ओढ धरतात, आणि 42 नॉटला ती दुप्पट होते कारण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यातला काही भागसुद्धा आडवा आला तर तीन मिलिमीटरचा पत्रा वाकणारच. तुमचा वाकलाय.

पण स्पॅनर हातात घ्यायच्या आधी एक गोष्ट नीट बघा, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या काळातल्या बऱ्याच बोटींवर बो रोलर आणि फोरस्टेची (डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेची) पट्टी हा एकच तुकडा असतो, म्हणजे ज्याच्यावर नांगर टेकतो त्याच्याच जिवावर डोलकाठी पुढून उभी असते. तसं असेल तर बोल्ट सोडायच्या आधी दोन हॅलियार्ड (शिडं वर ओढायचे दोर) पुढे आणून मजबूत क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीला, ताणून बांधा, किंवा सरळ रिगरला, डोलकाठी-तारांच्या कारागिराला, बोलवा. पट्टी निघाली की वेल्डजवळ आणि बोल्टच्या भोकांच्या कडेने भिंग घेऊन बघा, तपकिरी ओघळ किंवा केसाएवढी रेघ दिसली तर तो तुकडा परत लावू नका, घासून-चमकवून तर अजिबातच नाही. स्टेनलेस जिथे ओलं राहतं आणि हवा मिळत नाही तिथेच आतून सडतं, आणि डेकला चिकटलेली बाजू म्हणजे नेमकी तीच जागा.

आता मापं. दुकानदाराचं 'सरळ बसेल' ऐकू नका, नांगर विकत घ्यायच्या आधी पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा पूर्ण मापाचा नमुना करा, बऱ्याच कंपन्या असे नमुने देतात. तो रोलरवर ठेवून आत ओढून बघा, बाहेर ढकलून बघा. रोलबार पुलपिटला (नाळेवरच्या कठड्याला) अडतो का, दांड्याचं मागचं टोक फर्लरच्या (पुढचं शीड गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) ड्रमला लागतं का, आणि मुख्य म्हणजे वर येताना टोक नाळेच्या जेलकोटला, बाहेरच्या चकचकीत थराला, ठोकतं का. रोलबार अडत असेल तर हट्ट करू नका, त्याच कंपनीचा व्हल्कन आहे, रोलबार नसलेला, किंवा दुसऱ्या कंपनीचा स्पेड आहे. टोक ठोकत असेल तर रोलर थोडा पुढे न्यावा लागेल, पण जितका पुढे जाईल तितका तरफेचा जोर वाढतो, म्हणून खालून नाळेला आधाराची पट्टी हवीच.

नवीन रोलर फॅब्रिकेटरकडून करून घ्या. 316 स्टेनलेस, गालाची जाडी 6 मिलिमीटर, गालांच्या वरच्या कडा बाहेर वळवलेल्या आणि गोल केलेल्या, म्हणजे दोर कापला जात नाही. चेन उडून बाहेर येऊ नये म्हणून वरून आडवी पिन. आतलं चाक अॅसिटल प्लास्टिकचं घ्या, नायलॉनचं पाणी पिऊन फुगतं आणि आसावर अडकतं. डेकच्या खाली बोल्टचा भार पसरवणारी मोठी बॅकिंग प्लेट, नुसते वॉशर नकोत, आणि डेकमध्ये बाल्सा (हलकं लाकूड) भरलेला असेल तर भोकाभोवतीचा बाल्सा खरवडून काढून घट्ट इपॉक्सी भरा, मग त्यातून नव्याने भोक पाडा. हे कंटाळवाणं काम आहे, लोक टाळतात, आणि मग दोन पावसांत नाळेचं डेक पायाखाली मऊ लागायला लागतं.

स्विव्हल नको. बहुतेक स्विव्हल सरळ ओढीसाठी केलेले असतात, नांगर रुतलेला असताना बोट फिरली की दुबेळका स्विव्हल दांड्यावर आडवा अडकून वाकतो किंवा तुटतो. चेनच्या शेवटच्या कडीत बसेल तेवढं जाड, भार-क्षमता कोरलेलं गॅल्व्हनाइज्ड शॅकल (पिनेने बंद होणारी कडी) वापरा, पिन घट्ट करून तारेने बांधा. नांगर वर येताना उलटा आला तर हुकाने फिरवा, तेवढं चालतं.

आता त्या रात्रीबद्दल. सीक्यूआर जुना आहे, जी. आय. टेलर या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञाने 1933 मध्ये सीप्लेनसाठी काढलेला, आणि नवे नांगर त्याच्यापेक्षा लवकर रुततात आणि वारा फिरला तरी परत धरतात यात शंका नाही, तुमचा रोक्नाचा निर्णय बरोबरच आहे. पण पाच मीटर पाणी, अधिक रोलरची पाण्यापासून उंची एक-सव्वा मीटर, अधिक उधाणाला तिथे चढणारी जवळजवळ तीन मीटरची भरती, म्हणजे नऊ मीटर धरायचे. चेन या खोलीच्या पाचपट सोडायची, म्हणजे 45 मीटर. तुम्ही सोडली 25, म्हणजे पूर्ण भरतीला तीनपटसुद्धा नाही, तेवढ्यावर कुठलाही नांगर दांडा वर उचलून निघू शकतो. 8 मिलिमीटरची चेन मीटरला साधारण 1.4 किलो असते, 50 मीटरची 70 किलो होते, तुमची बोट तेवढं नाळेत सहज वाहील. 10 मिलिमीटरच्या नादी लागू नका, तीच लांबी 115 किलोवर जाते आणि विंडलासची (चेन ओढायच्या यंत्राची) जिप्सी, म्हणजे चेन धरणारं चाक, पण बदलावी लागते.

आणि रात्री चेन विंडलासवर ठेवून झोपू नका. 12 मिलिमीटरचा तीन पेडी नायलॉन, आठ-दहा मीटर, चेनला हुकने लावून क्लीटला बांधा, हिसके तो खाईल आणि चेनची खडखड पण थांबेल.

प्रश्न: ताई, मुंबईत गेटवेसमोर आमची 24 फुटी बोट असते, रविवारी मांडव्याला जातो. डॅनफर्थ, दोन सपाट पात्यांचा हलका नांगर, पुरेल का?

उत्तर: चिखलात डॅनफर्थ छान धरतो, वजनाच्या मानाने त्याची पाती मोठी असतात, आणि तुम्ही जेवायला दोन-तीन तास थांबणार असाल तर पुरेल. रात्रभर मात्र नको, कारण तिथे दर सहा तासांनी पाण्याची ओढ उलटी होते, बोट नांगरावरून फिरून पलीकडे जाते, चेन पात्यात अडकते आणि मग तो परत रुततच नाही. मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास वर-खाली होतं, भांगाच्या दिवसांत बरंच कमी, तेव्हा दोर किती सोडायचा ते त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक बघून ठरवा, सवयीने नको. रात्री राहायचंच असेल तर 8-10 किलोचा नव्या पद्धतीचा नांगर, पुढे निदान 10 मीटर चेन, आणि डॅनफर्थ दुसरा म्हणून लॉकरमध्ये. तोसुद्धा दोर जोडून तयार ठेवा, लागतो तेव्हा शॅकल शोधायला वेळ नसतो.