आईला फोनवर सांगता येईल का?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेअकराला तुझे एकामागून एक सात मेसेज आले. आपल्या आंब्याच्या बागेच्या वेबसाइटसाठी हवं असलेलं, बागेच्या नावाचं डॉट कॉम कुणीतरी आधीच अडवून ठेवलंय आणि दीड लाख मागतोय. डॉट शॉप पहिल्या वर्षाला ९९ रुपयांत मिळतंय. मित्र म्हणतो घे, भाऊ म्हणतो थांब. मी एवढंच विचारते: एप्रिलच्या धांदलीत, पेट्या भरता भरता, तुझी आई तो पत्ता पुण्याच्या गिऱ्हाइकाला फोनवर एकदाच सांगू शकेल का? आणि त्याला तो बरोबर लिहून घेता येईल का?

बाकी सगळं नंतर.

२०१६ साली तारकर्लीच्या आमच्या होमस्टेसाठी मी डॉट हॉलिडे घेतलं. समुद्रावर सुट्टीला येणाऱ्यांसाठी याहून शोभेल असं दुसरं काय, असं वाटलं. पत्त्याच्या शेवटचं हे शेपूट लोक डॉट हॉलिडेज असं लिहितात, हे पैसे भरल्यावर कळलं. तोवर बोर्ड रंगवून झाले होते, कार्डं छापून आली होती. कुणी शेवटी ‘ज’ लावायचं, कुणी सगळ्याच्या मागे आणखी डॉट कॉम जोडायचं. नाताळच्या आठवड्यात कोल्हापूरचं एक कुटुंब रात्री नऊला दारात उभं राहिलं. त्यांनी ईमेल केला होता, चुकीच्या शेपटावर. आमच्या खोल्या भरलेल्या. दोन लहान मुलांना घेऊन ती माणसं पडवीत झोपली. त्या बाईंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, तेच अजून टोचतं.

तेव्हा ९९चा आकडा डोक्यातून काढ. तो पहिल्या वर्षाचा. रिन्यूअलचा, म्हणजे पुढे दरवर्षी भरायचा भाव शोध, तो वाच, मग माझ्याशी बोल. डॉट कॉम चालवणाऱ्या कंपनीने विक्रेत्यांना लावायचा घाऊक भाव किती वाढवायचा याला करारात मर्यादा आहे. २०१३पासून आलेल्या या शेकडो नव्या शेपटांना तशी मर्यादा नाही. डॉट शॉप घ्यायचंच ठरलं तर दहा वर्षांपर्यंतचे पैसे एकदम भरता येतात, पण मी घेऊ नको म्हणते.

नवी शेपटं वाईट असतात असं नाही गं. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट २०१५ मध्ये डॉट एक्सवायझेडवर गेली. त्यांचा पत्ता जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापला. तुझा पत्ता तुझी आई सांगणार आहे. फोनवर.

देवनागरीत लिहायचं डॉट भारत २०१४पासून मिळतं. मलाही ते मनापासून आवडतं, आणि आईच्या तोंडी चटकन बसेल. पण गिऱ्हाइकाला त्यासाठी कीबोर्ड बदलावा लागतो, आणि देवनागरी ईमेल पत्ता कित्येक ठिकाणी फॉर्म घेतच नाही. जोडीला घे, मुख्य नको.

बागेच्या नावाला गावाचं नाव जोड आणि डॉट इन घे. लांब होईल, होऊ दे. भलतीकडचा आंबा देवगडच्या नावाने खपताना बघत आपण मोठे झालो. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या नावाच्या राखणीसाठीच. मग आपणच गावाचं नाव का गाळायचं? आणि डोमेन, म्हणजे हा विकत घेतलेला पत्ता, वेबसाइट करणाऱ्या पोराच्या खात्यात नको, तुझ्या खात्यात हवं.

तू विचारशील, मग मावशी, तू अजून डॉट हॉलिडेचे पैसे का भरतेस? हट्ट म्हणून नाही. जुने पाहुणे त्याच पत्त्यावर लिहितात. मी ते सोडलं तर उद्या दुसरा कुणीही उचलेल आणि माझ्या पाहुण्यांचे ईमेल त्याच्या हाती पडतील. २०१९ मध्ये मी डॉट इन घेतलं, जुना पत्ता त्याच्याकडे वळवला, आणि तेव्हापासून दोन्हींचे पैसे भरते. घरातले याला उधळपट्टी म्हणतात तेव्हा मला राग येतो. पडवीत कुडकुडणाऱ्या त्या मुलांवर गोधड्या मी घातल्या होत्या. चुकीचं नाव घेतलं की ते असं जन्मभर पोसावं लागतं, म्हणून तुला पुन्हा पुन्हा तेच सांगते: ऐकून लिहिता येत नाही ते नाव घेऊ नकोस.

आज जेवणं झाल्यावर आईला डॉट शॉपचा आणि गावाच्या नावासकट डॉट इनचा, असे दोन्ही पत्ते एकेकदाच सांग. तासाभराने तिच्याकडून म्हणवून घे, आणि भावाला पलीकडच्या खोलीत बसवून ते ऐकून लिहायला लाव. काय लिहिलं त्याचा फोटो मला पाठव.

तुझी,
मावशी