नवे प्रमुख मानवंदना देतात, घेतात की स्वीकारतात?

प्रश्न असा आलाय: बातमीत 'नव्या लष्करप्रमुखांनी मानवंदना दिली' असं छापलं होतं पण फोटोत तर जवानच त्यांना सॅल्यूट करत होते, मग 'दिली' बरोबर की 'स्वीकारली', आणि मानवंदना नि सलामी हे एकच का?

फोटो दिल्लीच्या साउथ ब्लॉक या सरकारी इमारतीसमोरच्या हिरवळीवरचा असेल तर 'स्वीकारली'च. मानवंदना जवानांचं पथक देतं, आणि ज्याचा मान आहे तो ती स्वीकारतो. हा शब्द मान अधिक वंदना असा आहे, मानव अधिक काहीतरी असा नाही, हे सांगायचं कारण म्हणजे बातम्या वाचताना बरेच जण 'मानव' वर थांबून पुढे जातात आणि अर्थच हरवतो.

गोंधळ कुठून होतो ते सांगते. नवीन प्रमुख आले की साधारण दोन कार्यक्रम लागोपाठ असतात. एक राष्ट्रीय युद्ध स्मारकावर, तिथे ते स्वतः पुष्पचक्र वाहतात आणि स्वतः सॅल्यूट करतात, म्हणजे तिथे देणारे तेच. तिथे 'हुतात्म्यांना मानवंदना दिली' किंवा 'अभिवादन केलं' हे अगदी बरोबर आहे. दुसरा साउथ ब्लॉकला, तिथे पथक उभं असतं आणि मान त्यांचा असतो. आता बातमी लिहिणाऱ्याने दोन्ही एका वाक्यात कोंबलं की क्रियापद एकच उरतं आणि नेमकं चुकीचं उरतं!

१ जानेवारी २०२० चं उदाहरण घ्या, कारण त्यात सगळ्या भूमिका एकत्र सापडतात. आदल्या दिवशी, ३१ डिसेंबरला, जनरल बिपिन रावत लष्करप्रमुख म्हणून निवृत्त झाले, साउथ ब्लॉकलाच निरोपाची मानवंदना स्वीकारली आणि सूत्रं जनरल मनोज नरवणे यांच्याकडे दिली, नरवणे म्हणजे आपले पुण्याचे. दुसऱ्या दिवशी रावत देशाचे पहिले संरक्षण दल प्रमुख म्हणून पुन्हा त्याच ठिकाणी आले आणि आता तिन्ही दलांच्या संयुक्त पथकाने त्यांना मानवंदना दिली. तिथे जनरल नरवणे होते, नौदलाचे अॅडमिरल करमबीर सिंह होते, हवाई दलाचे एअर चीफ मार्शल भदौरिया होते. मग मराठीत काय म्हणाल? पथकाने दिली, रावत यांनी स्वीकारली आणि बाकीचे तिघे उपस्थित होते. 'तिन्ही लष्करप्रमुखांनी मानवंदना दिली' असं लिहिलं तर एका वाक्यात दोन चुका, कारण तिघांनी ती दिली नाही आणि तिघं लष्करप्रमुखही नाहीत. मराठीत लष्कर म्हणजे फक्त भूदल, नौदल आणि हवाई दल वेगळे, म्हणून 'तिन्ही दलांचे प्रमुख' म्हणायचं. ही चूक मला खरंच खटकते, कारण आयुष्यभर समुद्रावर नोकरी केलेल्या माणसाला आपण लष्करप्रमुख करून टाकतो.

आता सलामी. एनसीसी केलेल्यांना आठवेल, कवायतीतला हुकूमच 'सलामी शस्त्र' असा असतो, त्यावर रायफली समोर येतात, मग 'बाजू शस्त्र'. म्हणजे सलामी ही ती एक कृती आणि मानवंदना हा अख्खा सोहळा, ज्यात सलामी होते, बँड वाजतो, प्रमुख पथकाची पाहणी करत रांगेपुढून चालत जातात. म्हणून 'सलामी घेतली' हे कानाला चांगलं लागतं पण 'मानवंदना घेतली' थोडं अडखळतं, तिथे स्वीकारलीच हवं. बोलताना कुणी घेतली म्हटलं तर मी अडवणार नाही, छापताना मात्र नको.

तोफांना मात्र नेहमी सलामीच. नव्या राष्ट्रपतींनी शपथ घेतली की २१ तोफांची सलामी होते, २५ जुलै २०२२ ला द्रौपदी मुर्मू यांच्या शपथविधीलाही झाली. यात तोफा २१ नसतात हां, फैरी २१ असतात, त्याच थोड्या तोफा आलटून पालटून उडतात. फैर हा शब्दही इंग्रजी फायरवरूनच आलाय आणि आता इतका आपला झालाय की कुणाला शंकाही येत नाही.

अशा प्रसंगी राष्ट्रपतींना बातम्यांत 'सरसेनापती' म्हणतात तेही विचारलंय एकाने. घटनेच्या ५३ व्या कलमानुसार संरक्षण दलांचं सर्वोच्च नेतृत्व राष्ट्रपतींकडे आहे, त्यामुळे अर्थाने ठीक. शब्द मिश्र आहे, 'सर' फारसी आणि 'सेनापती' संस्कृत. शिवाजी महाराजांच्या काळात आधी 'सरनोबत' होता, त्याचं राज्याभिषेकाच्या सुमारास 'सेनापती' झालं. आणि नव्या नेतृत्वाच्या स्वागताला सेनापती हजर असणं हे तर आपल्याकडे रायगडावरच दिसतं, ६ जून १६७४ ला अभिषेकाच्या वेळी हंबीरराव मोहिते दक्षिणेला दुधाने भरलेला रुप्याचा कलश घेऊन उभे होते असं बखरीत वर्णन आहे. त्यांच्या आधीचे सरनोबत प्रतापराव गुजर नेसरीला पडले ते त्याच वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे हंबीररावही पदावर नवेच होते. त्या काळी मानवंदना नव्हे, मुजरा. मुजऱ्याला क्रियापदं वेगळी, मुजरा 'करतात' आणि समोरचा तो 'घेतो'. म्हणजे सलामीला 'घेणे' लावायची सवय आपल्याला कदाचित इथूनच लागली असेल, हा माझा अंदाज आहे.

शेवटचं, 'लष्करप्रमुखपदाची शपथ घेतली' असं लिहू नका. शपथ राष्ट्रपती, मंत्री, न्यायाधीश घेतात. लष्करप्रमुख सूत्रं किंवा पदभार स्वीकारतात, त्यांची शपथ अधिकारी म्हणून दलात आले तेव्हाच झालेली असते.