१५ वर्षं जुनी बायोडायनॅमिक व्हाइट वाइन (साव्हेनिएरची शेनँ ब्लाँ) सोनेरी-तपकिरी दिसतेय, खराब झाली का?

नुसत्या रंगावरून फेकू नका हो! फ्रान्समधल्या लोआर खोऱ्यातल्या साव्हेनिएरची शेनँ ब्लाँ (ही पांढऱ्या द्राक्षाची जात) म्हणताय आणि वर १५ वर्षं जुनी, म्हणजे ती सोनेरी होणारच. तिथलंच कुले द सेराँ ही वाइन बनवणाऱ्या निकोला जोलीची वाइन, बायोडायनॅमिकवाल्यांतलं फार गाजलेलं नाव, ती मी परळला एका मित्राकडे प्यायलोय, बूच काढल्या काढल्या जरा कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो की गेली वाटतं, पण तशीच फ्रिजमध्ये ठेवली न् दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्लासात ओतली तर मध, मेण, भाजलेले बदाम, आणि मागे आंबटपणा एकदम ताठ. त्या आंबटपणावरच शेनँ इतकी वर्षं टिकते.

बायोडायनॅमिक म्हणजे ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनरच्या १९२४च्या व्याख्यानांतून आलेली शेती, गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं वगैरे (माझी आजी म्हणाली असती, यात नवीन काय). चंद्राबिंद्राचं मला फारसं पटत नाही, वाइन मात्र आवडते.

फार गार नको, १२-१४ डिग्री बास. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा वास आला आणि दुसऱ्या दिवशीही गेला नाही तर मात्र सरळ बेसिनमध्ये. आणि बाटली मुंबईतल्या मे महिन्यात कपाटावर पडून होती का ते आधी आठवा, माझी एक तशीच उकडून गेली, बूच वर आलं होतं.